न जोडलेलं बटन

अंकुश, उद्या आई येतायत. गंगापूरहून सकाळच्या एसटीनं निघतील आणि नगर नाक्यावर उतरतील. मी घ्यायला येते, रिक्षा करू नका, असं फोनवर दोनदा सांगितलं तरी त्या रिक्षानंच येणार. "तुला एकटीला ठेवायचं नाय," एवढंच कारण त्यांनी सांगितलं. पण कारण तेवढंच नाही. कायगावला नदीवर तुझं दहाव्याचं चाललं होतं, तेव्हा बायकांच्या घोळक्यातून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "मनीषा, तुला एक विचारायचंय. इथं नाय. घरी आले की विचारीन." काय विचारणार ते मला तिथंच कळलं. शेवटच्या दिवसांत त्या गावी होत्या. तूच "बरंय मला, जा तू" म्हणून त्यांना पाठवलं होतंस. आता त्यांना विचारायचंय की माझं पोरगं शेवटी घाबरलं होतं का.

आणि त्यांना काय सांगू, याचीच मला भीती वाटतेय.

तसं तू गेल्यापासून मला कशाचीही भीती वाटते. टँकरचा हॉर्न वाजला तरी दचकते. टाकीत पाणी किती, हौदात किती, मोटार कधी बंद करायची हे सगळं तुझ्या डोक्यात असायचं, मी कधी झाकण उघडूनसुद्धा बघितलं नाही. काल गच्चीवर गेले. शहराच्या टोकाला, या सातारा परिसरात राहायला आलो तेव्हा तिथून डोंगर दिसायचा, आठवतं? आता समोरच्या बिल्डिंगच्या लिफ्टची खोली दिसते, तिच्या बाजूला आणखी एक सांगाडा उभा राहतोय. प्यायला पाणी नाही आणि लोक मजले चढवतायत, असं तू रोज चिडून म्हणायचास. मी टाकीचं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं, काळं पाणी खूप खाली होतं. मी झाकण तसंच टाकून खाली पळाले. पन्नाशीकडे झुकलेली बाई टाकीला घाबरून जिना उतरत होती, समोरच्या शेख सरांनी पाहिलं असेल तर काय म्हणाले असतील कोण जाणे.

तुला हसू येतंय. येऊ दे.

भीतीचं आणि आपलं जुनं आहे. आपला तो गेमच भीतीचा होता. तू दिवसभर वाळूजला कंपनीत लोखंडाचे तुकडे मायक्रॉनमध्ये मोजायचास, मी घरी बसून शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचे. एका रविवारी पोहे खाता खाता तू म्हणालास, "चंद्रावर उतरायचा गेम करू. चित्रं तुझी, गणित माझं. पण खरा करायचा." त्या 'खरा' शब्दावरून आपण पुढची सगळी वर्षं भांडलो. लोकांच्या घरी सासू, माहेर, सोनं यावरून भांडणं होतात, आपल्या घरी चंद्राचं गुरुत्वाकर्षण किती यावरून व्हायची. ते किती, हे मला अजूनही पाठ आहे, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नाही.

मी आवाज मागितला. इंजिन पेटलं की घुर्रर्र झालं पाहिजे, आपटलं की धडाम झालं पाहिजे, नाहीतर पोरांना मजा कशी येणार? तू म्हणालास, तिथं हवाच नाही तर आवाज कुठून येईल. तुझ्या हिशेबात पायलटचा श्वास तेवढा ऐकू येणार होता, आणि पृथ्वीवरून रेडिओवर बोलणारा माणूस, तोही सेकंद-सव्वा सेकंद उशिरा. मी म्हटलं, अरे, हा गेम आहे की शिक्षा? तू शांतपणे चहात बिस्कीट बुडवलंस आणि म्हणालास, "चंद्र सोपा नाही. मग मी सोपा कसा दाखवू?"

"मग तुझ्याशिवाय तिथं कुणी उतरायचंच नाही का?"

यावर तुझं बिस्कीट चहात पडलं. तू चमच्यानं ते काढत बसलास.

एकदा दुपारी मी एकटीच खेळत होते. वेग कमी करायची वेळ होती तेव्हा दुधाचं भांडं बघायला उठले, परत येईपर्यंत यान चंद्राच्या बाजूनं पुढं निघून गेलं होतं. दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये 'खेळ संपला' म्हणून पाटी आली असती. तू तशी पाटीच ठेवली नव्हतीस. यान जात राहिलं. चंद्र लहान होत गेला, पृथ्वी तर आधीच लहान होती, रेडिओवरचा माणूस मध्येच काहीतरी बोलायचा, त्याला यायला जास्त जास्त वेळ लागत गेला, आणि श्वास तेवढा चालू. मी घाबरून तुला हाक मारली. तू आलास, स्क्रीनकडे बघितलंस, आणि खूश झालास. "बघ, किती बरोबर चाललंय," म्हणालास. मी लॅपटॉप बंद करायला गेले तर हात धरलास, म्हणे अजून थोडं बघ. मी तो बंद केलाच, आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं दुधावरून चिडले.

मग आपण लोकांना खेळायला बसवायचं ठरवलं. ते मात्र आठवलं की अजून हसू येतं, या असल्या दिवसांतसुद्धा. शेख सर बसले, बिल्डिंगमधली पोरं बसली, तुझ्या कंपनीतले दोघं बसले, सुट्टीला आलेल्या आईसुद्धा बसल्या. सगळे आपटले. ते ठीक होतं, पहिल्यांदा आपटणारच. पण सगळे भरल्या टाकीनं आपटले. इंधन जवळजवळ तसंच, आणि यानाचा चुराडा. शेख सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अरे मियाँ, टाकी तो फुल है. फिर मरे कायको?" तुला वाटलं गणितात चूक आहे. सुट्टी टाकून तू ते तपासत बसलास. चूक सापडेना.

शेवटी आईंनीच सांगितलं. त्यांना तू विचारलंस, माय, इंजिन का नाय पेटवलं वेळेवर? त्या म्हणाल्या, "पेटवलं असतं रे. पण म्हटलं, फुडं लागलं तर?"

बरोबरच होतं. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावातली माणसं आपण. भांडं धुतलेलं पाणी बादलीत, बादलीतलं कुंडीत. काहीही हातात आलं की पहिला विचार, पुढं लागलं तर? तुझ्या यानात बसूनही सगळ्यांनी इंधन वाचवलं, जमीन अंगावर येईपर्यंत वाचवलं. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक कुणी केली नसती. तू आधी खूप हसलास, मग ते वहीत टिपून ठेवलंस. म्हणालास, "घाबरलेला माणूस साठवतो." मी म्हटलं, म्हणूनच त्याला मदत लागते. मदतीचं बटन देऊ या. ज्याला जमत नाही त्यानं दाबावं, यान आपोआप उतरेल, पोरं निदान चंद्रावर पाय तरी ठेवतील.

त्या बटनावरून जे भांडण झालं, ते संपलंच नाही. तू म्हणायचास ती फसवणूक आहे, दुसऱ्यानं उतरवलं तर तू उतरलीसच नाही. मी म्हणायचे, जिना चढता येत नाही म्हणून माणसानं वरचा मजला बघायचाच नाही का? शेवटी मी हट्टानं बटन काढलं, हिरवं, गोल, त्यावर 'मदत' असं लिहिलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. तू ते राहू दिलंस. मी खूश झाले. नंतर कळलं, तू ते कशालाच जोडलं नव्हतंस. दाबलं की आत जायचं, बाहेर यायचं, बाकी काही नाही. मी विचारलं तर म्हणालास, "दिसतंय ना? तुला चित्र हवं होतं, चित्र आहे." इतका राग आला होता मला. पण मग म्हटलं, आज ना उद्या जोडेल.

उन्हाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं. त्या दिवसांचं मला नीट लिहिता येत नाही, ते मी सोडून देते. पण एक दिवस लिहायलाच हवा. डॉक्टरांनी आपल्याला बोलावलं होतं. बाहेर बाकावर आपण दोघं बसलो होतो, नर्सनं तुझं नाव घेतलं, मी उठले, तू उठला नाहीस. "तू जा," म्हणालास. मला वाटलं उठवत नाही म्हणून. मी हात पुढं केला. तू हात घेतला नाहीस. "तू ऐक. मला आकडे नको सांगूस. उद्या काय करायचंय तेवढं सांगत जा."

अंकुश, मी त्या दारात उभी होते आणि मला जमीन दिसत नव्हती. ज्या माणसानं मला एक धडाम घालू दिलं नाही, टाकीतलं पाणी काठी बुडवून मोजणारा, तापसुद्धा दोन थर्मामीटरनं बघणारा माणूस, तो मला सांगत होता की सोपं करून सांग. मी आत गेले. डॉक्टर चांगले होते, त्यांनी काहीच सोपं केलं नाही. मी बाहेर आले, तुझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "औषधाला वेळ लागतो म्हणाले. उद्या सकाळी उपाशीपोटी यायचंय." तू मान हलवलीस.

तिथून पुढं सगळे आकडे माझ्याकडे. मला ते नको होते रे. आयुष्यभर ते तू वागवलेस आणि मी वरून तक्रार केली. आता ते एकटीनं गिळून तुझ्यासमोर हसऱ्या चेहऱ्यानं पेज घेऊन यायचं, आणि "आज रंग बराय तुझा" म्हणायचं. मधूनच मला तुझा भयंकर राग यायचा. मोसंबी सोलता सोलता वाटायचं, ओरडून सांगावं सगळं, बघ तुझं खरं, घे. मग तू सालाचा वास घेऊन डोळे मिटायचास, आणि मला वाटायचं, नको, अजून थोडं. पुढं सांगू. पुढं लागलं तर.

त्या दुपारी तू लॅपटॉप मागितलास. खोलीत कूलर घरघरत होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं, तुझ्या एका हाताला सलाईन. मी उशी लावली, लॅपटॉप मांडीवर ठेवला. तू शेवटचा टप्पा उघडलास, फक्त उतरण्याचा. हे तू डोळे मिटून करायचास. आकडे भरभर कमी होत होते आणि तुझी बोटं त्यांच्या मागं राहत होती. एकदा चुकलास, दुसऱ्यांदा चुकलास. मग तुझी नजर कोपऱ्यात गेली. तू हिरवं बटन दाबलंस.

ते आत गेलं, बाहेर आलं.

तू परत दाबलंस. मग माझ्याकडे बघितलंस. "मने, हे चालत नाही का?"

तुला आठवत नव्हतं, की आठवत होतं? तेवढं मला अजून कळत नाही. औषधांनी तुझं बरंच काही पुसलं होतं, पण सगळं नव्हतं पुसलं. तुझे डोळे असे होते की मी त्यांच्याकडे फार वेळ बघू शकले नाही. मी म्हटलं, "चालतंय. त्याला जरा वेळ लागतो," आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. कुठलं बटन दाबू ते मला सुचेना, मी दिसेल ते दाबत गेले. यान आपटलं. आवाज नाही. तूच ठेवला नव्हतास. नुसती धूळ उडाली आणि आकडे थांबले.

"उतरलं?"

"उतरलं."

"नीट?"

"अगदी नीट."

तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "सोडू नको." तुझी पकड इतकी घट्ट होती की बांगडीचा वळ उठला. त्यानंतर तू माझ्याशी पूर्ण वाक्य बोलला नाहीस.

हे मी आईंना कसं सांगू?

*

आई आल्या. रिक्षानंच आल्या. पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगा, आणि तुझा एक शाळेतला फोटो. पाणी पिऊन झाल्यावर त्या मेथीची जुडी घेऊन जमिनीवर बसल्या, मीही बसले. मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. ते झोपेतच गेले, काही कळलं नाही, चेहरा शांत होता. तीन वाक्यं. आरशासमोर म्हणूनसुद्धा पाहिली होती.

त्यांनी विचारलं. अगदी मला वाटलं होतं तेच, तसंच. मी तोंड उघडलं, पहिलं वाक्य बाहेरही आलं. त्यांनी मेथीची काडी खाली ठेवली.

"मनीषा, मला सोपं करून सांगू नको. मी त्याची माय हाय."

 मी सगळं सांगितलं. बाकावर तू उठला नाहीस ते, बटनाचं, आपटल्याचं, मी खोटं बोलले ते, मनगटाचं. "ते घाबरले होते, आई. लई घाबरले होते," म्हणाले. तो 'लई' त्यांचा, माझ्या तोंडून आला. मला वाटलं आता त्या कोसळतील, किंवा माझ्यावर चिडतील. कशाचीही तयारी मी केली नव्हती.

त्यांनी मेथीची काडी परत उचलली, पानं खुडली. मग म्हणाल्या, "व्हय. भ्यायचाच तो. लहानपणापासून."

मला हे माहीत नव्हतं, अंकुश. इतक्या वर्षांत तू मला सांगितलं नव्हतंस.

"दुष्काळात आमच्या हिरीचं पाणी पार तळाला गेलतं," त्या सांगू लागल्या. "खाली उतरून तांब्यानं घागर भरावी लागायची. मी आधी उतरायची, मग त्यानं यायचं हाताखाली. तर हा वर बसून दोर मोजायचा. हातानं. मोजून झालं की पुन्यांदा मोजायचा. हीर किती, दोर किती, सगळं तोंडपाठ. पण उतरायचा नाय. पाय लटलट कापायचे त्याचे, खालून दिसायचे मला. मग मी हाक मारायची, ये रे अंकुश, मी हाय खाली. तवा यायचा. डोळे मिटून यायचा. आन् खाली आल्यावर काय म्हणायचा म्हायतंय? म्हणायचा, माय, दोर बरोबर होता."

आणि त्या हसल्या. पदरानं डोळे पुसत हसल्या, मीही हसले, आणि मग आम्हा दोघींनाही रडू आवरलं नाही. शेख सरांच्या बायकोनं दारातून डोकावून पाहिलं आणि ती आमच्यापाशी येऊन बसली.

"हात सोडला नव्हता ना तू?" आईंनी शेवटी विचारलं.

"नाही."

"मग झालं," म्हणाल्या, आणि भाजी धुवायला किती पाणी घेऊ ते विचारलं.

तर मोजणं हे तुझं असं होतं. मी उगाच तुला शूर समजत होते, आणि स्वतःला भित्री. सगळं खरं हवं म्हणून तू जे भांडायचास, ते भीतीनंच भांडत होतास की काय? हे आधी कळलं असतं तर मी तुझ्याशी वेगळ्या तऱ्हेनं भांडले असते. भांडले असते, हे नक्की. आणि तुला म्हटलं असतं की आई खाली उभ्या होत्या म्हणून काही विहीर उथळ झाली नव्हती. ती होती तेवढीच खोल होती, आणि तू स्वतःच्याच पायांनी उतरलास. मग फसवणूक कुठं झाली, सांग. याचं उत्तर आता तू देऊ शकत नाहीस, म्हणून मी जिंकले असं मुळीच नाही.

बटन मी जोडणार आहे. ते यान उतरवणार नाही, इंधन वाढवणार नाही, चंद्र जितका अवघड आहे तितकाच ठेवीन. दाबलं की आधी पोचलेलं कुणीतरी बोलेल, एवढंच. आईंचा आवाज घ्यायचा विचार आहे. त्या म्हणाल्या, मला नाय येत बोलायला यंत्रात. मी म्हटलं, तेवढी एक हाक मारा.

आई आता आतल्या खोलीत कलंडल्यात. बाहेर ऊन उतरतंय, समोरच्या सांगाड्यावर माणसं अजून काम करतायत. मला वाटलं होतं, त्यांना सांगून टाकलं की माझी भीती जाईल. नाही गेली. त्यांच्यासाठी होती ती गेली, माझी होती ती राहिली, आणि आता तिच्यात दुसरं कुणी नाही. कधीतरी मलाही उतरायचंय, आणि किती खोल आहे ते मला मोजता येत नाही. अंकुश, तू पोचला असशील, तर खालून एकदा हाक मार.